मंत्रालयातल्या अडत्यालाही परवाना हवा

गेल्या महिन्यात बडनेऱ्यातील लहान उद्योजकांच्या एका बैठकीस उपस्थित राहण्याचा योग आला. डाळ गिरणी, जिनिंग, शेतीची अवजारे, यंत्रांचे सुटे भाग असे व्यवसाय करणारी पंधरा-वीस माणसे जमली होती. तक्रारी नेहमीच्याच होत्या. कोणाची भूखंड हस्तांतरणाची फाइल अडकलेली, कोणाचा अनुदानाचा हप्ता थकलेला, कोणाच्या मालमत्ता कराच्या आकारणीवरील हरकत वर्षानुवर्षे निकालाविना पडलेली. दीड तास चर्चा झाल्यावर एक ज्येष्ठ कारखानदार उठले आणि म्हणाले, "अर्ज करू करू थकलो ना भाऊ, आता मुंबईले आपला एक मानूस ठेवाच लागते."

त्यांच्या पाहण्यात असा एक 'माणूस' होताही. मंत्रालयातील मजले आणि दालने त्याला तोंडपाठ आहेत, असे ते सांगत होते. त्याच्या अटी दोनच. दरमहा एक ठरावीक रक्कम आणि काम झाल्यावर टक्का. सभागृहात मान्यतेची कुजबुज झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका तरुणाने विचारले, "पावती मिळेल का?" सगळे हसले. प्रस्ताव पुढील बैठकीवर गेला आणि चहा आला.

त्या हसण्याने मी अस्वस्थ झालो. तरुणाचा प्रश्न भाबडा नव्हता. त्या बैठकीत विचारला गेलेला तो एकमेव नेमका प्रश्न होता. उद्योगधंद्यांनी शासनदरबारी आपली बाजू मांडण्यासाठी मोबदला देऊन प्रतिनिधी नेमावा काय, आणि नेमलाच तर तो कसा असावा, या प्रश्नाचे उत्तर त्या एका 'पावती'त दडलेले आहे. ज्या सेवेची पावती देता येते ते प्रतिनिधित्व आणि जिची देता येत नाही ती दलाली, इतकी ही सीमारेषा सरळ आहे.

जंक्शन कोणी आणले?

'लॉबी' हा शब्द उच्चारताच आपल्याकडे नाके मुरडली जातात. हे पाप अमेरिकेतले, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी एक सोज्ज्वळ समजूत आहे. बडनेऱ्याच्या माणसाने तरी ही समजूत बाळगू नये. ज्या लोहमार्गामुळे बडनेऱ्याला जंक्शनचे स्थान आले, त्या मार्गाच्या मागे एकोणिसाव्या शतकातील एका अतिशय प्रबळ लॉबीचे हात होते.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या गिरणी मालकांनी 'कॉटन सप्लाय असोसिएशन' स्थापन केली. अमेरिकेच्या कापसावरील अवलंबित्व कमी करावे, त्यासाठी हिंदुस्थानातील कापूस पिकविणाऱ्या मुलखांत रस्ते व रेल्वे न्यावी, असा धोशा या मंडळींनी लंडनच्या सरकारमागे लावला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि या मागणीला धार आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा उघडण्यासाठी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. बडनेऱ्याहून अमरावतीच्या कापूस बाजारात जाणारी जेमतेम दहा किलोमीटरची शाखा त्याच काळातील. शेतकऱ्याच्या सोयीसाठी ही गाडी आली नव्हती, तर रुईच्या गाठी मुंबई बंदरात लवकर पोचाव्यात यासाठी आली होती.

या लॉबीने पुढे काय केले, तेही स्मरणात असावे. १८८२ मध्ये विलायती कापडावरील आयात कर उठविण्यात आला. सरकारची तिजोरी रिकामी झाल्यावर तो पुन्हा बसवावा लागला, तेव्हा लँकेशायरने ओरड केली. परिणामी १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला. आपल्याच देशातील कापडावर आपल्याच देशात कर, आणि तोही परक्या गिरणी मालकांच्या समाधानासाठी! तो कर उठण्यास १९२५ साल उजाडावे लागले. दरम्यानच्या काळात स्वदेशीच्या चळवळीला ज्या अन्यायांनी इंधन पुरविले, त्यांत हा कर अग्रभागी होता.

म्हणजे लॉबी आपल्याला नवी नाही. गेली दीडशे वर्षे आपण तिचे परिणाम भोगत आलो आहोत. नवे असेल तर एवढेच, की आता आपल्यापैकीच कोणी तिचे साहाय्य घेऊ इच्छितो.

वकील आणि दलाल

आपल्या परंपरेत मात्र दुसऱ्याच्या वतीने दरबारात बोलणाऱ्या माणसासाठी एक प्रतिष्ठित शब्द होता. तो शब्द म्हणजे वकील. मराठ्यांचे वकील दिल्ली, हैदराबाद, कलकत्ता अशा दरबारांत असत. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते. ते कोणाचे, कोणाच्या अधिकाराने बोलतात, त्यांच्या शब्दामागे कोण उभे आहे, हे निजामाला पूर्ण ठाऊक होते. वकिलाजवळ धन्याचे पत्र असे. तो धन्याला सविस्तर अखबार लिहून पाठवी आणि ते कागद आज इतिहासाची साधने झाले आहेत. वकील गुप्त बातम्या काढीत असेल, पण तो स्वतः गुप्त नव्हता.

दलालाचे नेमके उलट. त्याचा धनी कोण हे समोरच्याला कळू नये, आणि त्याने समोरच्याला काय दिले हे धन्याला कळू नये, यावरच त्याचा धंदा चालतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात व्यापाऱ्यांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. राज्याने साहुकाराचा मान राखावा, त्याला अभय द्यावे, हे त्यात आग्रहाने सांगितले आहे. परंतु त्याच विवेचनात टोपीकर व्यापाऱ्यांविषयी वेगळा इशारा आहे. ते इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, हे ओळखून त्यांच्याशी वागावे, असा त्याचा आशय आहे. व्यापाऱ्याला मान द्यावा, पण त्याच्या मागे कोण उभे आहे ते आधी जाणून घ्यावे, हे सूत्र आज्ञापत्राने तीनशे वर्षांपूर्वी मांडले. आजच्या मंत्रालयाला ते तितकेच लागू आहे.

टक्केवारीचा करार

बडनेऱ्याच्या बैठकीत जो प्रस्ताव आला, त्याच्या कायदेशीर बाजूकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. ती बाजू गंभीर आहे.

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या २३ व्या कलमानुसार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार रद्दबातल ठरतो. सरकारी नोकरी मिळवून देण्याच्या बदल्यात पैसे देण्याचे वचन निरर्थक आहे, असे उदाहरणच त्या कलमाखाली दिलेले आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक करार आला. हैदराबादच्या सालारजंग इस्टेटीच्या वारसासंबंधी शासनदरबारी वजन वापरायचे आणि त्या बदल्यात इस्टेटीतील वाटा घ्यायचा, असे त्यात ठरले होते. न्यायालयाने तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरविला. तात्पर्य, 'काम झाल्यावर टक्का' हा करार न्यायालयात टिकत नाही. माणसाने पैसे घेऊन काम केले नाही तरी दाद मागता येत नाही आणि केले तरी त्याची वाच्यता करता येत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तर परिस्थिती अधिक कडक केली आहे. भ्रष्ट मार्गाने किंवा व्यक्तिगत वजन वापरून लोकसेवकाला वळविण्यासाठी लाभ घेणाऱ्या मध्यस्थाला तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. लाच देणाराही आता गुन्हेगार आहे. त्याच्यावर सक्ती झाली असेल तर त्याने सात दिवसांत यंत्रणेला कळवावे, एवढीच सूट आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या व्यावसायिक संस्थेच्या वतीने काम करणाऱ्या माणसाने त्या संस्थेच्या लाभासाठी लाच दिली, तर ती संस्थाही दंडास पात्र ठरते. 'तो मुंबईत काय करतो ते आम्हाला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून सुटका होत नाही. असे होऊ नये यासाठी पुरेशी व्यवस्था केली होती, हे संस्थेला सिद्ध करावे लागते.

बडनेऱ्याच्या डाळ गिरणी मालकाने हे वाचावे आणि मग टक्क्याचा विचार करावा.

उजेडात मांडलेली बाजू

मग लहान उद्योजकाने मुकाट बसावे काय? मुळीच नाही. आपले हित शासनापुढे मांडणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि त्या कामी जाणकाराचे साहाय्य घेण्यात काहीही गैर नाही. बडनेऱ्याहून मुंबई रेल्वेने साडेसहाशे किलोमीटरहून अधिक. कारखाना बंद ठेवून, रात्रीची अमरावती एक्सप्रेस धरून, सकाळी मंत्रालयाच्या दारी प्रवेशपत्राची रांग लावणे दर महिन्याला कोणाला परवडणार? हे अंतर नुसते किलोमीटरचे नाही. पुणे-मुंबईच्या उद्योजकाला जे दुपारच्या भेटीत साधते, त्यासाठी वऱ्हाडच्या उद्योजकाचे दोन दिवस व दोन रात्री जातात. प्रतिनिधीची गरज खरी आहे. तिची टिंगल करणे अन्यायाचे होईल.

परंतु उजेडात राहून बाजू मांडण्याची आणि ती यशस्वी करण्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभी राहिली. परक्या सरकारपुढे देशी व्यापार-उद्योगाची बाजू मांडणे हाच तिचा हेतू होता. नागपुरात १९६३ पासून विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. १९९४ पासून लघुउद्योग भारती लहान कारखानदारांच्या प्रश्नांवर काम करीत आहे.

वीज दराचे उदाहरण तर अभ्यासण्यासारखे आहे. महावितरणच्या दरवाढीच्या प्रस्तावांवर वीज नियामक आयोग जाहीर सुनावण्या घेतो. अशा सुनावण्या अमरावतीतही झालेल्या आहेत. २००३ च्या वीज कायद्याने ग्राहकांच्या हितासाठी प्रतिनिधी प्राधिकृत करण्याचा अधिकार आयोगाला दिला. त्यानुसार मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थांना आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. येथे कारखानदारांची संघटना आणि घरगुती ग्राहकांची संघटना एकाच सभागृहात, एकाच मंचावर, समोरासमोर बोलतात. कोण कोणासाठी बोलतो हे सर्वांना कळते. मुद्दे लेखी असतात, महावितरणला त्यांना उत्तर द्यावे लागते आणि आयोगाच्या आदेशात हे सारे छापले जाते. त्याला लॉबिंग म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण असे लॉबिंग लोकशाहीचे भूषण आहे.

स्थानिक पातळीवरचे उदाहरण एलबीटीचे. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तेव्हा राज्यभरातील व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केला. २०१३ मध्ये बाजारपेठा बंद राहिल्या, मोर्चे निघाले, निवेदने गेली. महापालिकांनी आपल्या उत्पन्नाचे गणित मांडले, विधिमंडळात वाद झाला. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना या करातून मुक्त करण्यात आले. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. व्यापाऱ्यांचे म्हणणे बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात. महापालिका त्यानंतर राज्याच्या अनुदानावर अधिकाधिक विसंबून राहू लागल्या, हा आक्षेपही खोटा नाही. परंतु कोण काय मागतो आहे, कशासाठी मागतो आहे आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे, हे साऱ्या महाराष्ट्राला दिसत होते. म्हणूनच त्यावर मत बनविता आले.

अंधारातला निर्णय

आता दुसरी बाजू पाहू. मोर्शीजवळचे उर्ध्व वर्धा धरण अमरावती जिल्ह्याच्या सिंचनाचा आधार. नांदगाव पेठच्या खासगी औष्णिक वीज प्रकल्पाला या धरणाचे पाणी देण्याचे ठरले, तेव्हा जिल्ह्यात मोठे आंदोलन झाले. राज्यात त्या काळी धरणांचे पाणी सिंचनाकडून उद्योगांकडे वळविण्याचे निर्णय मंत्र्यांची एक उच्चाधिकार समिती घेत होती. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण केले होते, पाणी वाटपावर लोकांचे म्हणणे ऐकले जाण्याची आशा त्यामुळे निर्माण झाली होती. वाद न्यायालयात गेले. आणि २०११ मध्ये कायदाच दुरुस्त झाला. कोणत्या क्षेत्राला किती पाणी, हे ठरविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधीच्या निर्णयांना संरक्षण मिळाले.

या प्रकरणात कोणी कोणाला काही दिले, असा आरोप येथे करावयाचा नाही. मुद्दा वेगळा आहे. वीज हवी की सिंचन, हा प्रामाणिक वाद आहे. वीज प्रकल्पाच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते. पण ते शेतकऱ्यासमोर, त्याचे ऐकून घेऊन सांगितले गेले नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला निर्णय झाल्यानंतर कळले. मोठ्या प्रकल्पाची बाजू मांडण्यासाठी मुंबईत माणसे असतात, त्या शेतकऱ्याचे तेथे कोणीही नसते. अशा वेळी समितीला कोण भेटले, कधी भेटले, कोणते कागद दिले, याची नोंद जनतेपुढे असती तर निदान वाद तरी बरोबरीचा झाला असता.

परदेशी कंपन्यांबाबत हा अनुभव आपण दोनदा घेतला आहे. दाभोळचा वीज प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉन कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकारी महिलेने १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले, की भारतीयांच्या 'शिक्षणा'साठी व प्रकल्पाच्या तयारीसाठी कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. हे 'शिक्षण' कोणी घेतले, याचे उत्तर महाराष्ट्राला मिळाले नाही. दुसरा प्रसंग डिसेंबर २०१२ मधला. किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणुकीचा वाद पेटलेला असताना वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचे आणि भारताच्या बाजारपेठेतील प्रवेश हा त्यातील एक विषय असल्याचे उघड झाले. संसदेत गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली.

या दोन्ही गोष्टी आपल्याला कोणी सांगितल्या? आपल्या यंत्रणेने नव्हे. एक माहिती अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढील साक्षीतून आली. दुसरी तेथील १९९५ च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्याखाली दर तिमाहीला भराव्या लागणाऱ्या विवरणपत्रांतून आली. आपल्या बाजारपेठेविषयी कोण कोणाशी बोलते आहे, हे आपल्याला वॉशिंग्टनच्या दप्तरातून कळावे, ही स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारी स्थिती नाही. लॉबिंग आपल्याकडेही चालते. २०१० मध्ये बाहेर आलेल्या राडिया ध्वनिफितींनी ते साऱ्या देशाला ऐकविले. त्या संभाषणांत दखलपात्र गुन्हा आढळला नाही, असे केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. तेथेच खरी मेख आहे. गुन्हा नसेलही, पण नोंदही नाही. लोकसभेचे तत्कालीन सदस्य कलिकेश सिंह देव यांनी २०१३ चे लॉबिंग प्रकटीकरण विधेयक मांडण्याचा प्रयत्न केला. बहुतेक खासगी विधेयकांच्या वाट्याला जे येते तेच त्याच्याही वाट्याला आले.

कारंजाचा धडा

आणि येथे वऱ्हाडकडे परत यावे लागते. कारण मध्यस्थाला उजेडात कसे आणावे, हे या देशाला वऱ्हाडने शिकविले आहे.

आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि पुढे देशभर जे बाजार समित्यांचे कायदे झाले, त्यांचा तो पूर्वज ठरला. त्यामागेही मँचेस्टरला भेसळ नसलेला कापूस मिळावा हा स्वार्थ होता, आणि त्या समित्यांवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व होते, हे खरे. पण त्यातील तत्त्व मोलाचे होते. तत्पूर्वी बाजारात काय चाले? रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे, ज्याला आपण हत्ता पद्धत म्हणतो. ज्याचा माल विकला जातो आहे, त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. मापात खोट, वजावटीला धरबंध नाही, आणि अडत्या नेमका कोणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, याचा पत्ता नाही.

यावर उपाय म्हणून अडत्याला हद्दपार केले गेले नाही. ते शक्यही नव्हते, कारण त्याची गरज होती. त्याला परवाना घ्यावयास लावले. त्याची अडत ठरवून दिली. रुमाल काढून टाकला आणि लिलाव उघड्यावर आणला. आज १९६३ च्या राज्य कायद्याखाली अडत्या, व्यापारी, मापारी, हमाल अशा सर्वांनाच बाजार समितीचा परवाना लागतो आणि अडत्याला हिशेबाची पट्टी द्यावी लागते. सारे दोष संपले असे नव्हे. बाजार समित्यांचे राजकारण आपण पाहतोच. परंतु कापसाच्या गाडीबाबत जो न्याय आपण सव्वाशे वर्षांपूर्वी मान्य केला, तो शासनाच्या निर्णयाबाबत अजून मान्य केलेला नाही. मंत्रालयात आजही रुमालाखालीच सौदा होऊ शकतो.

असा परवाना दिला म्हणजे दलालीला प्रतिष्ठा मिळेल, हा आक्षेप आपल्याच विचारांची अनेक सात्त्विक माणसे घेतात. त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु न पाहिल्याने गोष्ट नाहीशी होत नाही. आज दलालीवर कोणतीही नोंद-बंधने नाहीत, म्हणून ती नाही असे कोण म्हणेल? परवान्याने प्रतिष्ठा मिळेल ती उघडपणे बोलणाऱ्याला. परवान्याशिवाय फिरणारा मात्र त्यानंतर सहज ओळखू येईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याच्याकडे पैसा तो मोठा प्रतिनिधी नेमणार आणि लहान माणूस मागेच राहणार. हे खरे आहे. अमेरिकेत नोंदणीचा कायदा असूनही धनिकांचा प्रभाव कमी झालेला नाही. नोंदणीने विषमता जात नाही, पण ती दिसू लागते. आणि जी दिसते तिच्याविरुद्ध लढता येते.

म्हणून राज्याने एक साधा कायदा करावा. मोबदला घेऊन शासनदरबारी दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्याने नोंदणी करावी, आपला धनी, विषय आणि मोबदला जाहीर करावा. कामाच्या यशावर टक्केवारी घेण्यास स्पष्ट बंदी असावी. मंत्री, सचिव, महापालिका आयुक्त व स्थायी समितीचे सभापती यांनी अशा भेटींची नोंदवही ठेवावी आणि ती जनतेला पाहता यावी. निवृत्त अधिकाऱ्याने आपल्याच जुन्या खात्यापुढे कोणाची बाजू मांडण्यापूर्वी पुरेसा काळ जाऊ द्यावा. हे केवळ मंत्रालयापुरते नको. १९८३ मध्ये अमरावती महापालिका झाली आणि बडनेरा तिच्यात आले, तेव्हापासून येथील भूखंडांचे आरक्षण, कर आकारणी, बांधकाम परवानगी यांचे निर्णय महापालिकेत होतात. लहान शहरातील दलाली लहान रकमेची असते, पण ती रोजची असते आणि अधिक माणसांना छळते.

बैठकीला जाण्यापूर्वी

कायदा होईल तेव्हा होवो. बडनेऱ्याच्या पुढील बैठकीने त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्या सज्जन मंडळींना माझे सांगणे इतकेच आहे.

माणूस ठेवायचा तर अवश्य ठेवावा, पण एकेकट्याने नव्हे, संघटनेच्या ठरावाने ठेवावा. त्याला लेखी नियुक्तिपत्र द्यावे आणि त्याने प्रत्येक कार्यालयात ते दाखवूनच बोलावे. मोबदला दरमहा ठरलेला, धनादेशाने दिलेला आणि हिशेबात दाखविलेला असावा. टक्का नको. दर महिन्याला तो कोणाला भेटला, कोणते निवेदन दिले, काय उत्तर मिळाले, याचा त्याने लेखी अहवाल द्यावा. तो अहवाल संघटनेच्या सूचना फलकावर लावता आला पाहिजे. जो लावता येत नाही, त्यातच काहीतरी चुकलेले आहे असे समजावे.

आणि त्याआधी हाताशी असलेली साधने वापरावीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे आपला प्रश्न लेखी गेला आहे काय? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरावीक मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, ते केले आहे काय? माहितीच्या अधिकारात फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, हे विचारले आहे काय? राज्याने २०२३ मध्ये उद्योग परवानग्या सुलभ करण्यासाठी 'मैत्री' कक्षाचा कायदा केला, त्याचे दार ठोठावले आहे काय? विकास आराखड्यावर, नियमांच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा बडनेऱ्याहून किती पत्रे जातात? ही दारे उघडी असताना मागच्या दाराची किल्ली विकत घेणे शहाणपणाचे नव्हे.

येणारी वर्षे महत्त्वाची आहेत. अमरावतीला 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यान मंजूर झाले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. बडनेऱ्यालगतच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. आता मोठे उद्योग येतील, त्यांच्याबरोबर त्यांचे प्रतिनिधीही येतील. जमीन, पाणी, वीज, सवलती यांची वाटणी होईल. त्या वाटणीत बडनेऱ्याचा लहान कारखानदार आणि वऱ्हाडचा कापूस उत्पादक यांचा आवाज असावयाचा असेल, तर तो मोकळ्या सभागृहातच ऐकू जाईल. बंद दालनात सर्वांत मोठी थैली जिंकते, आणि ती आपल्यापैकी कोणाजवळ नाही. उजेड ही आपल्यासाठी केवळ नीतीची बाब नाही, आपले बळच त्यात आहे.

पुढील बैठक लवकरच आहे. तो तरुण पुन्हा येईल अशी आशा आहे. त्याने पुन्हा विचारावे, "पावती मिळेल का?" आणि या वेळी कोणी हसू नये.